मौनाच्या घरातली प्रार्थना

वरच्या खोलीतून आवाज सुरू झाला तेव्हा टेसी पेनॉक क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या सभाघराच्या स्वयंपाकघरात सूपसाठी गाजरं चिरत होती. तिचा हात तिथंच थांबला. आधी नुसती कुजबुज, मग एकच शब्द पुन्हा पुन्हा, मग आवाज चढत गेला आणि शेवटी त्यात शब्द उरलेच नाहीत. टेसीनं सगळी नोकरी शाळेत स्पॅनिश शिकवण्यात घालवली होती, पण ही स्पॅनिश नव्हती. ही कुठल्याच देशाची भाषा नव्हती. वरच्या खोलीत आसरा घेतलेल्या डेल्मीच्या चर्चमध्ये पवित्र आत्मा अंगात आला की माणसं असंच बोलत.

टेसी खिडकीशी गेली. रस्त्यापलीकडे मेपलच्या उघड्याबोडक्या झाडाखाली परदेशी माणसांना पकडून देशाबाहेर धाडणाऱ्या सरकारी खात्याची करड्या रंगाची गाडी उभी होती. काचा काळ्या, इंजिन चालू, मागून धूर निघतोय. म्हणजे डेल्मीनंही ती पाहिली होती.

तेवढ्यात तळघरात काहीतरी लोखंडी आपटलं. जिन्यावर जड पावलं वाजली आणि वेंडेल स्ट्राउड दारात आला. साठी ओलांडलेला, दांडगा माणूस. बॉयलरची काजळी कोपरापर्यंत लागलेली आणि चेहरा पांढराफटक. तो सरळ सिंकपाशी गेला आणि हात धुऊ लागला. हात स्वच्छ झाले तरी धुतच राहिला.

"टेसी, तिला गप्प कर."

"घाबरलीय रे ती. बाहेर बघ जरा."

"बघितलंय मी. मीही घाबरलोय. पण बोंबलतोय का मी?"

"बस बघू. कॉफी देते."

"कॉफी नकोय मला!" नळ बंद करून त्यानं सिंकची कड दोन्ही हातांनी धरली. "अगं, तुला कसं कळत नाही? मी तळघरात होतो. दोन मजले खाली. तरी ऐकू आलं. पाना हातातून पडला."

टेसीला कळत होतं. केंटकीच्या डोंगरातल्या त्याच्या गावाची गोष्ट त्यानं तिला एकदाच सांगितली होती, फार वर्षांपूर्वी, तिचा नवरा गेला त्या हिवाळ्यात. वेंडेलचे वडील तिथल्या चर्चचे पाद्री. मुलाचं मन एका मुलावर बसलंय हे कळल्यावर त्यांनी त्याला चर्चच्या मधोमध जमिनीवर बसवलं. सगळं गाव भोवती उभं राहिलं, सगळ्यांचे हात त्याच्या डोक्यावर, आणि हीच भाषा. सैतान बाहेर पडेपर्यंत. सोळा वर्षांचं पोर. सैतान काही निघाला नाही, पोरगाच घरातून निघाला, तो थेट पेनसिल्व्हेनियात येऊन थांबला. या सभाघरात पहिल्यांदा आला तेव्हा म्हणाला होता, इथं कुणी ओरडत नाही, तेवढं मला पुरे आहे.

"रविवारी तिचा विषय निघेल," वेंडेल म्हणाला. "मी आडवा येणार."



क्वेकरांच्या सभेत मतं मोजत नाहीत. सगळे गप्प बसतात, ज्याला बोलावंसं वाटेल तो बोलतो, आणि सगळ्यांचं मन एका ठिकाणी आलं की ठराव झाला. पण एकानं जरी उठून 'मी आडवा येतो' म्हटलं, की तिथंच सगळं थांबलं. डेल्मीला आसरा देण्यात सगळ्यांच्याच डोक्यावर कायद्याची टांगती तलवार होती, म्हणून दर महिन्याला नव्यानं विचारायचं असं ठरलं होतं. वेंडेल आडवा आला तर डेल्मीला खोली सोडावी लागणार. आणि खोलीतून बाहेर पडायचं ते त्या करड्या गाडीसमोर.

"तिची मुलगी इथंच जन्मलीय रे," टेसी म्हणाली. "आईला होंडुरासला पाठवलं तर..."

"मला माहीत आहे. त्या मुलीच्या शाळेचे बूट कुणी आणले? मीच ना?" त्याचा आवाज फाटला. "डेल्मीच्या हातच्या भाकऱ्या आणि राजमा खातो मी दर शुक्रवारी. बाई वाईट नाही. पण माझं एकच घर होतं, टेसी. जगात एकच."

वरचा आवाज हळूहळू उतरला. गाडी मात्र बराच वेळ हलली नाही.

*

टेसीला या घराची सगळी वर्षं आठवत होती. तिची आजी करड्या टोपीत, पुढच्या बाकावर, पाठ अशी ताठ की बाकाला टेकायचीच नाही. व्हिएतनामच्या युद्धाविरुद्ध याच पायऱ्यांवरून सगळे मेणबत्त्या घेऊन निघाले होते. नंतर एल साल्वादोरचं एक कुटुंब आलं आणि याच वरच्या खोलीत वर्षभर राहिलं. तेव्हा पेपरवाल्यांनी विचारलं, सरकारचा कायदा का मोडता, तर सगळे एका तोंडानं म्हणाले, देवानं सांगितलं म्हणून. कुणाला त्याची लाज नव्हती. चर्चा झाली ती फक्त ब्लँकेटं किती लागतील याची.

ती माणसं एकेक करून गेली. नवी आली तीही चांगली होती, कदाचित जास्तच चांगली. युद्धाला विरोध म्हणून आली, शांतता आवडली म्हणून आली, आणि तू काय मानतोस हे इथं कुणी विचारत नाही म्हणून आली. जोएल विंटर्स हा त्यांतलाच. रसायनशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक, सभेचा कारभारी, आणि जिल्ह्यातल्या सगळ्या पुरोगामी मंडळींचा निवडणुकीतला उजवा हात. देव ही उपमा आहे असं तो म्हणे. चांगली उपमा आहे, पण उपमाच.

डेल्मी आली त्या पहिल्या रविवारी टेसीनं तिला खाली प्रार्थनेला आणलं. भिंतीवर क्रूस नाही, पाद्री नाही, गाणं नाही. सगळे डोळे मिटून बसलेले. तासभर कुणी अक्षर बोललं नाही. डेल्मी सारखी दाराकडे बघत होती. बाहेर पडल्यावर तिनं टेसीचा दंड घट्ट धरला.

"दोन्या टेसी, मी काय केलं?" दोन्या म्हणजे तिच्याकडचं बाई, जसं पुरुषांना सेन्योर. "सगळे माझ्यावर एवढे का रागावलेत?"

"रागावले नाहीत गं. प्रार्थना करत होते."

"असं? तोंड न उघडता?" डेल्मीनं मागं वळून बाकांकडे पाहिलं. "आमच्या गल्लीत टोळीवाले यायचे ना, तेव्हा अशी शांतता व्हायची. माणसं अशीच बसायची. मग गोळी."

टेसी तेव्हा हसली होती. आता तिला ते हसणं आठवून कसंतरी झालं.

*

शुक्रवारी दुपारी जोएल आला. पेपरात द्यायचं निवेदन त्यानं वाचून दाखवलं. टेसीनं लिहिलं होतं, 'आमच्या श्रद्धेला अनुसरून'. तिथं आता 'आमच्या मूल्यांना अनुसरून' असं होतं.

"कुणाची मूल्यं?" टेसीनं विचारलं.

"सगळ्यांची. म्हणून तर तो शब्द चालतो."

"आणि श्रद्धा?"

"टेसी, नगरपालिकेला उभी राहणारी ती पोरगी आपल्या शेजारी उभी राहायला तयार आहे. तिचे निम्मे मतदार धर्मानं पोळलेले आहेत. देवाचं नाव आलं की त्यांना त्यांचे बाप आठवतात. आपल्या वेंडेललाच विचार."

"वेंडेल आडवा येणार आहे."

जोएलनं चश्मा काढला. तो खरोखर घाबरला. डेल्मीसाठी वकील त्यानंच शोधला होता, आणि रोज संध्याकाळी दाराची कुलपं दोनदा हलवून बघत होता. सगळं ऐकून घेतल्यावर मात्र त्याला हायसं वाटलं.

"मग सोपं आहे. तिला सांग, मनात प्रार्थना कर. आपल्यातले जे करतात ते तसंच करतात ना?"

"जे करतात ते," टेसी म्हणाली. "तू त्यांना करताना पाहिलंयस वाटतं."

"तुझ्या चेहऱ्यावरून कळतं. किंवा तू झोपलेली असतेस. मला फरक ओळखू येत नाही एवढंच."

दोघंही हसले. मग टेसी जिना चढू लागली. तिला हे सांगायचं नव्हतं, आणि आपण सांगणार हेही तिला ठाऊक होतं.

डेल्मीनं सगळं ऐकून घेतलं. खिडकीचा पडदा ओढलेला होता. पलंगावर बाहेर नातेवाइकांकडे राहणाऱ्या मुलीचा, येसेनियाचा, दोन वेण्यांतला फोटो होता.

"सेन्योर वेंडेलना त्रास होतो?"

"हो."

"त्यांच्या अंगात काही आहे का?"

"नाही गं!" टेसी एकदम म्हणाली. "तसं चुकूनही म्हणू नकोस. कुणासमोरच नको."

डेल्मीनं मान खाली घातली. "मी प्रार्थना हळू केली की मला माझाच श्वास ऐकू येतो, दोन्या टेसी. मग आणखी भीती वाटते. मोठ्यानं केली की देव ऐकू येतो. पण करते. हळू करते."

दुसऱ्या दिवशी सकाळी टेसी तिच्यासाठी अंडी घेऊन वर गेली. दार लोटलेलं होतं. डेल्मी पलंगाशी गुडघे टेकून बसली होती आणि तिनं उशी दोन्ही हातांनी तोंडावर दाबून धरली होती. मानेच्या शिरा ताठ, अंग गदागदा हलतंय, आणि उशीतून एक घुसमटलेला आवाज येतोय. खिडकीखालून गाडीचं इंजिन ऐकू येत होतं.

टेसी मागच्या मागं जिन्यावर आली. हे मीच करायला सांगितलं, असं तिच्या मनात आलं. बशीत अंडी गार होत होती. आजीचं हे घर कुणाचं तोंड दाबण्यासाठी बांधलं होतं का? आणि वेंडेल? त्याचं तोंड कुणी दाबलं होतं, ते ती विसरणार होती का? कुणीकडूनही विचार केला तरी तो तिच्याच अंगावर येत होता.

*

रविवारी सकाळी दारावर उभं राहायची पाळी वेंडेलची होती. येणाऱ्याचा हात हातात घेऊन त्याला आत सोडायचं, एवढंच ते काम. तो नेहमीसारखा उभा होता. टेसीशी बोलला नाही, पण तिच्या खांद्यावरचा बर्फ मात्र त्यानं झटकला.

मौन सुरू झालं. टेसी पुढच्या बाकावर, दाराजवळ, आजीच्याच जागेवर बसली. थोड्या वेळानं बाहेर त्या करड्या गाडीचे दरवाजे लागले. एक, मग दुसरा. बर्फावर बूट करकरले. बाकांवर कुणी हललं नाही. दोन माणसं दारात वेंडेलसमोर येऊन उभी राहिली.

"डेल्मी नावाची बाई इथं राहते का?"

क्वेकर खोटं बोलत नाहीत. इथं जन्मलेले लहानपणापासून शिकतात, आणि वेंडेलसारखे नंतर आलेले त्याहून पक्कं शिकतात. टेसीनं डोळे घट्ट मिटले.

"राहते," वेंडेल म्हणाला.

"तिला बाहेर बोलवा."

"न्यायाधीशाच्या सहीचा कागद आहे का तुमच्याकडे?"

"आम्ही नुसतं बोलायला आलोय, साहेब."

"मग माझ्याशी बोला. मला वेळ आहे."

"बाजूला व्हा."

"नाही होत."

आणि तेव्हाच वरून आवाज फुटला. डेल्मीनं त्यांना खिडकीतून पाहिलं असणार. उशी नव्हती, काही नव्हतं. आवाज जिन्यावरून घरंगळत खाली आला आणि सगळ्या सभाघरात भरला. पुढच्या रांगेत कुणाचं तरी बाळ रडायला लागलं. जोएलचा चेहरा ताठरला. अर्धवट उघड्या दारातून टेसीला वेंडेलची पाठ दिसत होती. त्याचा हात चौकटीवर होता आणि तो हात थरथरत होता. बाहेरच्या माणसांना वाटत असणार, म्हातारा आपल्याला घाबरलाय. टेसीला माहीत होतं, भीती त्याच्या पाठीमागून येत होती.

काहीतरी करायला हवं होतं. काय, ते तिला कळेना. आणि डोक्यात एकदम आजी आली. आजीच्या काळी सभेत कुणी मोठ्यानं प्रार्थना करू लागलं तर तो एकटा गुडघे टेकायचा आणि बाकीचे सगळे उठून उभे राहायचे. पुरुष टोप्या काढायचे. प्रार्थना कुणाचीही असो, वेडीवाकडी असो, ती चालू असताना कुणी बसून राहायचं नाही. तो रिवाज टेसीच्या लहानपणीच मोडत आला होता. आता या घरात तो पाहिलेली ती एकटीच होती.

ती उभी राहिली.

कुणाला काही सांगितलं नाही. मागच्या बाकावरची दोघं उठली. मग एक बाई, मुलाला कडेवर घेऊन. मग बाकांच्या फळ्या एकामागून एक करकरू लागल्या. काही जण हाताची घडी घालून बसूनच राहिले. जोएल उठला, समोरच्या बाकाचा आधार घेत. जुन्या लाकडाचा तो आवाज मोठा होता. तो ऐकून वेंडेलनं क्षणभर मान मागं वळवली. त्याचे डोळे टेसीला दिसले आणि तिला वाटलं, आता हा पडणार.

तो पडला नाही. पुन्हा पुढं वळला आणि त्यानं दुसराही हात चौकटीवर ठेवला.

त्या दोघांनी त्याच्या खांद्यावरून आत पाहिलं. खोलीभर माणसं उभी, एक शब्द नाही, आणि छतातून ती किंकाळी येतेय. धाकटा एक पाऊल मागं सरला.

"आम्ही परत येऊ," थोरला म्हणाला.

"दार हेच आहे," वेंडेल म्हणाला.

*

दुपारी सूप झालं, पण कुणी फारसं खाल्लं नाही. कुणी वेंडेलच्या पाठीवर थाप मारली तर तो अंग चोरत होता. जोएल टेसीजवळ येऊन पुटपुटला, "गैरसमज नको. माझा पाय आखडला होता म्हणून उठलो."

"हो का? आणि डोळ्यांना काय झालं होतं?"

"सर्दी."

मग सभा बसली. जोएलनं नेहमीच्या शब्दांत विचारलं, डेल्मीनं इथं राहावं याला सगळ्यांचं मन आहे का. टेसी मनात म्हणत होती, आता त्याला कळलं असेल. आता तरी. तो स्वतः दारात उभा राहिला, आता तो कसा आडवा येईल? तिच्या भीतीत थोडी आशा मिसळली होती, आणि त्या आशेचीच तिला जास्त धास्ती वाटत होती.

वेंडेल उठला. कोट घातलेलाच होता.

"मी आडवा येत नाही," तो म्हणाला. "तिला राहू द्या. मी बाजूला होतो."

जोएलनं मान हलवली. बाजूला होणं म्हणजे ठरावाला अडवायचं नाही, पण त्यात आपण नाही. सभेच्या रिवाजात ते बसत होतं.

"एवढंच सांगतो," वेंडेल पुढं म्हणाला. त्यानं कुणाकडे पाहिलं नाही, पण टेसीला कळलं की हे आपल्यासाठी आहे. "ते दोघं समोर होते, त्यांची मला भीती नव्हती. मला वाटलं, मागं माझी माणसं आहेत, गप्प बसलेली. मग मी तुम्हाला उठताना ऐकलं. त्या आवाजासाठी सगळे उठलात. माझ्या पाठीमागं. माझ्या बापाच्या चर्चमध्ये अशीच बाकं वाजली होती." त्यानं कोटाची बटणं लावली. "तुमच्या मनात तसं नव्हतं, हे मला कळतंय. पण माझ्या पाठीला कळत नाही. मी आता इथं बसू शकणार नाही."

"वेंडेल..." टेसी उठली.

"नको गं, टेसी. तू बस."

तिला बसता येईना आणि पुढं जाताही येईना. आपण काय केलं ते तिला तेव्हा कळलं. तिनं नुसती आजीची आठवण काढली होती. त्याच्यासाठी मात्र सगळं गाव पुन्हा भोवती उभं राहिलं होतं. तिनं त्याची माफी मागायला तोंड उघडलं, पण माफी कशाची मागायची? उठल्याची? मग वर उशी घेऊन बसलेल्या बाईला काय सांगायचं?

 मग जोएल दबल्या आवाजात म्हणाला, "ठरलं." वेंडेलनं दाराजवळ कुणाकुणाचे हात हातात घेतले आणि तो बाहेर गेला.

टेसी जिना चढून वर आली तेव्हा डेल्मी दारातच उभी होती. डोळे सुजलेले, आवाज बसलेला.

"राहायचं?"

"राहायचं."

"सगळे हो म्हणाले?"

"कुणी नाही म्हटलं नाही," टेसी म्हणाली. ते खरं होतं, पण पुरतं नव्हतं.

डेल्मीनं छातीवर हात ठेवला. मग तिथंच, दारात, तिनं गुडघे टेकले. "दारात उभे राहिले त्या सेन्योरसाठी आधी," ती म्हणाली. "त्यांच्यासाठी आधी." आणि तिनं डोळे मिटून, दोन्ही हात वर करून सुरुवात केली. आनंद झाला होता, म्हणून आवाज आज आणखीच मोकळा निघत होता.

टेसीनं खिडकीतून पाहिलं. खाली बर्फातून वेंडेल आपल्या गाडीकडे चालला होता. आवाज त्याच्यापर्यंत पोचला. तो थबकला, खांदे कानांपर्यंत वर आले, आणि तो तसाच उभा राहिला, पुढं जाता येत नसल्यासारखा.

"डेल्मी!" टेसीनं खाली वाकून तिचा खांदा धरला. "थांब. जरा थांब, बाई."

डेल्मीचा आवाज तुटला. चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. "परत आले? ते परत आले?"

"नाही, नाही. ते नाहीत. वेंडेल आहे. तो जाईपर्यंत थांब."

डेल्मीला काहीच समजलं नाही. "पण मी त्यांच्यासाठीच करत होते."

"माहीत आहे मला," टेसी म्हणाली.  ती डेल्मीच्या शेजारी फरशीवर बसली, या वयात किती कष्टानं, आणि तिचा हात हातात घेतला. दोघी गप्प बसून खालची वेंडेलची गाडी सुरू होण्याची वाट पाहू लागल्या.